पाहुण्यांसाठी घालवलेला वास

मंडळी, आज डोकं लई फिरलंय, म्हणून लिहितोय.

माझ्याकडं खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी आहे. तिच्या खालच्या कपाटातलं फिल्टरचं मशीन हवा ओढून पाण्यात फेस करतं आणि फेसाबरोबर निघालेली घाण एका डब्यात जमते. तो डबा रोज धुतला नाही तर सडका वास सुटतो. आपल्या शहरात नळाला पाणी कधी येतं, ते तुम्हाला सांगायला नको. वहिनी म्हणते, "भावजी, इथं प्यायला पाणी पुरंना, अन् तुम्ही माशांचे डबे धुता!"

आज लासूर स्टेशनहून वहिनीच्या माहेरचे येणार होते. दादा सकाळपासून नाक मुरडत होता. मी म्हटलं, "पाण्याचा जार आणतो अन् डबा धुतो. थोडं थांब."

जारच्या रांगेत बराच वेळ गेला. परत आलो तर सडका वास गायब. दादानं त्या कपाटात मूठभर डांबरगोळ्या टाकून दार लावून घेतलं होतं. मोरीत टाकतात, तशा. मशीन तीच हवा ओढून पाण्यात घालत बसलं होतं.

माझी नारिंगी जोडी तळाला आडवी पडली होती.

तेवढ्यात पाहुणे आले. वहिनीच्या आईनं विचारलं, "मासे असे का पडलेत हो?"

"दुपारचे झोपतात ते," दादा हसून म्हणाला.

मी चहा देत होतो. तसाच पुढचा कप भरला. पाहुण्यांसमोर तमाशा नको.

आता सडका वास नाही. दादा खूश आहे. खरं सांगा, पाहुणे यायच्या आधी तुमच्या घरात काय काय मारून टाकतात?