टोचूची चार हात माती

वाळक्या पानांतून कुणीतरी सावकाश, नाक फुरफुरवत चालत असावं, असा तो आवाज होता. सूर्यास्ताची, मगरीबची अजान नुकतीच संपली होती. दिवसभर भाजून निघालेल्या मातीवर मी नळीनं पाणी मारलं होतं आणि तिचा तो किंचित खारट, उष्ण गंध अंगणभर दाटला होता. बोगनवेलीच्या बुडाशी गळून पडलेल्या कागदी फुलांच्या पाचोळ्यात खसफस झाली, थांबली, पुन्हा झाली. इथं कतारमध्ये, दोह्यात चौदा वर्षं काढल्यावर मांजरांचे सगळे आवाज मला ओळखू येऊ लागले होते. हा मांजराचा नव्हता. उंदराचाही नव्हता. उंदीर कायम घाईत असतो, आणि हे जे कोणी होतं त्याला कसलीच घाई नव्हती. मग कोण बरं असावं?

“आई, डोन्ट मूव्ह,” माझी मुलगी इरा दारातून कुजबुजली.

पाचोळा दुभंगला आणि बाहेर आलं ते मुठीएवढं, काळपट तोंडाचं, कपाळावर पांढरा पट्टा ल्यालेलं एक चिमुकलं जनावर. कान अंगाच्या मानानं केवढे मोठे! पाठीवर आखूड काट्यांची दाट झूल, आणि त्या झुलीखाली अनपेक्षित उंच, चपळ पाय. त्यानं हवेत नाक फिरवलं, आमच्याकडे साफ दुर्लक्ष केलं आणि ओल्या मातीतून वर आलेला एक किडा कुडुमकुडुम आवाज करत खाऊन टाकला. इतक्या लहान तोंडाचा इतका मोठा आवाज मी आजवर ऐकला नव्हता.

“हेजहॉग!” इरा म्हणाली. तिला शब्द तयार होता. ती इंग्रजी शाळेत शिकते आणि माझ्या मराठीला इंग्रजीतच उत्तर देते. माझ्यापाशी मात्र शब्दच नव्हता. साळिंदर म्हणावं तर ते केवढं मोठं, लांब काट्यांचं, आमच्या नाशिकच्या आसपासच्या डोंगरांत कधीमधी दिसणारं. हे त्याचं पोर नव्हे. फोनवरच्या शब्दकोशात ‘जाहक’ असा एक भारदस्त शब्द सापडला, पण जो शब्द आपल्या घरात कुणी कधी उच्चारलाच नाही, त्यानं एखाद्याला हाक कशी मारायची? शेवटी इरानंच तो प्रश्न सोडवला. एकदा त्याला हात लावायला गेली, बोट चोखत परत आली आणि म्हणाली, “टोचू.” तेव्हापासून ते टोचू झालं.

आम्ही अल नस्रमधल्या आतल्या गल्लीत, एका जुन्या व्हिलाच्या तळमजल्यावर राहत होतो. माझा नवरा मंदार उत्तरेकडच्या गॅस प्लांटवर, आठवडाभर तिकडेच. घरात इरा आणि मी. घराला लागून मातीची एक अरुंद पट्टी होती, आणि तिच्यात बोगनवेल, कढीपत्ता, एक हट्टी लिंबू आणि इराचा फुटबॉलचा गोलपोस्ट. ती शाळेच्या संघाची गोलकीपर. फुटबॉलच्या विश्वचषक स्पर्धेला वर्षभराचा अवकाश होता, पण सगळं शहर आधीच लग्नघर झालं होतं. रस्ते उकरलेले, क्रेनी उभ्या, काल जिथून गेलो तो रस्ता आज बंद. शेजारच्या मोकळ्या जागेत दोन जुन्या बोरी होत्या. तिथं पार्किंग व्हायचं होतं. एके सकाळी यंत्रं आली आणि दोन दिवसांत ती जागा परातीसारखी सपाट झाली.

मी एका कन्सल्टन्सीत रस्त्यांची ड्रॉइंगं तपासते. अशा जागांवर आम्ही ‘रिकामी’ एवढंच लिहितो. टोचू आमच्या अंगणात आलं ते बोरी पडल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी, हे माझ्या ध्यानात यायला मात्र बरेच दिवस लागले. रिकामी! कुणाच्या दृष्टीनं रिकामी? हा शब्द आजवर किती वेळा मी अगदी निर्विकारपणे लिहिला असेल?

कुतूहल ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. ते माणसाला आपलं रोजचं अंगण परक्या मुलखासारखं न्याहाळायला लावतं. आम्ही दोघी रोज संध्याकाळी पायरीवर बसू लागलो. टोचू भिंतीखालच्या एका फटीतून येतं, कढीपत्त्याला वळसा घालतं, लिंबाखाली थांबतं, हे सगळं पाठ झालं. एकदा त्यानं विंचू खाल्ला. आधी नांगी चावून तोडली आणि मग बाकीचा, जणू भाकरीचा कडेचा तुकडा आधी मोडावा तसा. मी पाय वर घेतले, इरानं टाळ्या वाजवल्या. पण आनंदाबरोबर माणसाला मदतीची खुमखुमीही येते, आणि तिथं मी चुकले. एका बशीत दूध ठेवलं. आपल्याकडे कोणताही पाहुणा आला की आधी दूध नाहीतर चहा!

“अगं वैशाली, दूध काय देतेस!” फिलोमिनाताई कुंपणावरून ओरडल्या. त्या वसईच्या, इथल्या एका दवाखान्यात वीस वर्षं नर्स, आमच्या पलीकडच्या घरात राहणाऱ्या. “ह्यांना दूध पचत नाही. जुलाब होऊन मरेल बिचारं. पाणी ठेव, उथळ ताटलीत. आणि द्यायचंच असेल तर उकडलेलं अंडं, चिमूटभर. जास्त लाड नकोत, आपलं पोट भरायला ते समर्थ आहे.”

मी दूध उचललं, मातीची पसरट ताटली आणली, तिच्यात एक दगड ठेवला. त्या संध्याकाळी टोचू बराच वेळ पाणी पीत राहिलं आणि मला उगीचच परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

मग एप्रिलमधली ती पहाट आली. शाळेची बस यायला अवकाश होता, उजाडायला लागलं होतं. इरा बूट घालायला बाहेर गेली आणि तिची किंकाळी आली. गोलपोस्टच्या जाळीत, अगदी खाली, टोचू अडकलं होतं. सुटण्यासाठी ते जितकं गोल फिरलं असेल तितका नायलॉनचा धागा त्याच्याभोवती करकचून आवळला होता. एक मागचा पाय सुजून बाहेर लोंबत होता. उरलेलं सगळं शरीर त्यानं घट्ट मिटून घेतलं होतं. शत्रूपासून वाचवणारी त्याची ती एकमेव विद्या, आणि नेमकी तीच फास आवळत होती!

मी फिलोमिनाताईंना हाक मारली. रात्रपाळी करून त्या नुकत्याच परतल्या होत्या. गणवेशातच आल्या, हातात बारीक टोकाची कात्री आणि टॉवेल.

“इरा, टॉवेलनं हलकेच धर. दाबू नकोस,” त्या म्हणाल्या. “वैशाली, तू उजेड दाखव.”

टोचू फुत्कारलं, उसळलं. काटे टॉवेलातून इराच्या तळव्यांत शिरत होते, पण तिनं हात काढले नाहीत. आणि तेव्हा मी तिचा आवाज ऐकला. हलका, स्थिर आणि मराठी. “घाबरू नकोस हं. झालंच. मी आहे ना. हळू, हळू श्वास घे.” हे शब्द माझेच होते, तिच्या लहानपणी तापात, लसीच्या वेळी, अंधारात मी तिच्यापाशी उच्चारलेले. ते तिच्यात कुठं उतरले असतील आणि इतकी वर्षं कुठं राहिले असतील? मी टॉर्च आणखी जवळ धरला.

एकेक धागा तुटत गेला. शेवटचा मानेपाशी होता, काट्यांच्या मुळाशी रुतलेला. फिलोमिनाताईंनी श्वास रोखून कात्रीचं टोक आत सरकवलं आणि तो तोडला.

“खलास, सुटलं बघ,” त्या म्हणाल्या आणि तिथंच मातीवर बसल्या.

शाळेची बस त्या दिवशी इराविनाच गेली. टोचू खोक्यात, सावलीत दिवसभर पडून होतं. दुपारी सूज उतरली, संध्याकाळी ते पाणी प्यालं आणि खोकं आडवं करताच एक पाय जरा ओढत, पण आपल्या चालीनं ते भिंतीकडे गेलं. इरानं जाळीचा खालचा काठ उचलला, गुंडाळी करून वरच्या दांडीला बांधला, आणि त्यानंतर रोज सूर्य कलला की खेळ थांबवून ती हेच करत राहिली. मी तिला एकदाही आठवण करून दिली नाही.

उन्हाळा उतरणीला लागला तेव्हा घरमालकांचा निरोप आला. स्पर्धेच्या पाहुण्यांसाठी त्यांना घर हवं होतं. करार संपत होता, आम्ही महिन्याभरात जागा सोडावी. गल्लीतल्या अनेकांना तेच निरोप आले होते. आम्हाला बिन महमूदमध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. घर बदलणं परदेशी माणसाला नवं नसतं, पण ह्या वेळी सामान बांधताना इरानं विचारलं, “अँड टोचू?” मी हातातल्या खोक्यावर चिकटपट्टी लावत राहिले.

आणि त्याच आठवड्यात मालक कंत्राटदाराला घेऊन आले. सगळे त्यांना हाजी म्हणत. सत्तरीचे, अंगात शुभ्र, पायघोळ थोब, हातात मण्यांची माळ. जुन्या पिढीतल्या पुष्कळ कतारींसारखं त्यांना मोडकंतोडकं हिंदी येई. ते अंगण मापू लागले. बोगनवेल काढायची, सगळीकडे फरशी घालायची, पाहुण्यांना बसायला खुर्च्या. कंत्राटदार भिंतीपाशी टेप लावत होता, त्या फटीवरच.

“हाजी, एक विनंती आहे,” मी हिंदीत म्हणाले आणि त्या फटीकडे बोट दाखवलं. सोडून चाललेल्या भाडेकरणीनं काय मागावं, आणि कुणासाठी?

तेव्हा इरा पुढं झाली. तिला शाळेत अरबी शिकवतात, हे मला ठाऊक होतं. तिला ती बोलता येते, हे नव्हतं. अडखळत, हातवारे करत ती सांगू लागली. मला मधलाच एक शब्द कळला, ‘गुनफुद’, टोचूच्या जातीचं अरबी नाव, इरानंच एकदा सांगितलेलं.

हाजींची माळ थांबली. “गुनफुद? इधर?”

ऊन उतरेपर्यंत ते थांबले. कंत्राटदार घड्याळ पाहत राहिला, हाजी आमच्या पायरीवर बसून राहिले. फटीतून आधी नाक आलं, मग कान. आणि मागून, आम्हीही कधी पाहिली नव्हती अशी दोन पिल्लं, फिकट काट्यांची, आईच्या मागोमाग लुटुलुटु चालणारी. आई! म्हणजे टोचू इतके दिवस ‘ती’ होती, आणि आम्हाला साधं एवढंही कळलं नव्हतं!

“पहले बहुत था,” हाजी अगदी हळू म्हणाले. “हम छोटा था, अम्मा बाहर पानी रखता था. फिर घर बना, रोड बना. अभी किधर है? हम बोला, सब गया.” मग त्यांनी इराला अरबीत काही विचारलं. ती गंभीरपणे मान हलवत म्हणाली, “ला हलीब, हाजी. माय बस.” दूध नाही, फक्त पाणी.

ते मनापासून हसले. उठून भिंतीपासून चार हात अंतर पावलांनी मोजलं आणि सँडलच्या टाचेनं मातीत एक रेघ ओढली. “इधर से फरशी,” ते कंत्राटदाराला म्हणाले. “उधर कुछ नहीं. यल्ला, चलो.”

सगळं अंगण वाचलं नाही. लिंबू गेला, कढीपत्ता मी कुंडीत घालून नेला. उरली ती बोगनवेल आणि भिंतीकडेची चार हात माती.

स्पर्धा सुरू व्हायला दोन दिवस होते. आम्ही नव्या घरात रुळलो होतो. गॅलरीतून झेंडे दिसत, कर्णे ऐकू येत, रस्त्यांवर साऱ्या जगाच्या भाषा लोटल्या होत्या. त्या संध्याकाळी फिलोमिनाताईंकडे केक द्यायला आम्ही जुन्या गल्लीत गेलो. आमच्या घरासमोर आलो आणि इरानं माझा हात घट्ट धरला. फाटक उघडं होतं. नव्या फरशीवर पाच-सहा धिप्पाड परदेशी पुरुष बसले होते. अंगात पट्ट्यापट्ट्यांच्या जर्सी, गालांवर रंग, एकाच्या मांडीवर भला मोठा ढोल. आणि ते सगळे एकदम गप्प होते. कुणी खुर्चीवरून पुढे झुकलेलं, कुणी जमिनीवर गुडघे टेकलेलं. साऱ्यांची तोंडं भिंतीकडच्या त्या कोपऱ्याकडे वळलेली. आमची चाहूल लागताच ढोलवाल्यानं मागं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

इरानंही ओठांवर बोट ठेवलं. आम्ही चपला हातात घेतल्या आणि अनवाणी, भिंतीच्या कडेनं, पुढे निघून गेलो.