लॉनच्या कडेला भाजलेला राब

ती घटना आठवण्यासाठी मला जुन्या डायऱ्या उघडाव्या लागत नाहीत. तेव्हा मी कर्जत भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत वर आलो. आई बाजारात भाजी विकायची. समोरचा कुठल्या आकड्यावर पटकन हो म्हणतो, यावरून त्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं, हे मी तिच्या टोपलीशेजारी बसून शिकलो. राग मात्र कुणी शिकवला नाही, तो माझा मीच.

होळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात भिसेगावची पंचविशीतली एक मुलगी गुंडाळलेला कागद घेऊन आत आली. मागोमाग धापा टाकत तिचे वडील, निवृत्त शिक्षक.

"साहेब, काही लिहून घेऊ नका," ते आधी बोलले. "तिची तब्येत बरी नाही. लग्नाची बोलणी चालू आहेत हो!"

"बाबा, मला बोलू द्या."

मुलगी कडावच्या पुढे एका बंगल्यात नोकरीला होती. मालक तिथे ॲनिमेशनची छोटी कंपनी चालवायचा. सरावासाठी तो चित्रकारांना एका जपानी ॲनिमे सिनेमातली दृश्यं काढायला लावायचा. त्यात लिफ्ट चालवणारी एक मुलगी आहे. दर मजल्यावर दार उघडलं की तिला एक जळता माणूस दिसतो. खरं काय आणि भास काय, हे तिलाही कळत नाही आणि बघणाऱ्यालाही. शेवटी समजतं की तो माणूस कधी नव्हताच. ही मुलगी दोन महिने रोज तेच काढत होती.

आठ दिवसांपूर्वी, सुटीच्या दिवशी, राहिलेलं काम करायला ती एकटीच बंगल्यावर गेली. दुपारी वरच्या खिडकीतून तिला लॉनच्या कडेला धूर दिसला. धुरात माणसाचा पाय. शेजारी फावडं घेतलेला मालक. ती ओरडली. मालक वर आला, तिला पाणी दिलं आणि म्हणाला, "अगं, तू काढतेस तेच दृश्य हे. तो माणूस नसतोच, विसरलीस का?" मग त्याने गाडीतून तिला घरी पोचवलं, वडिलांना समजावलं. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. सोबतचे चित्रकारही म्हणू लागले, सिनेमा हिच्या डोक्यात गेला.

"मला वेड लागलं असेल तर तसं सांगा साहेब," ती म्हणाली. "पण आधी जाऊन बघा. नाहीतर यापुढे मी माझ्याच डोळ्यांवर विश्वास कसा ठेवू?"

कागदावर तिने जे पाहिलं ते काढलं होतं.

मी मालकाला बोलावून घेतलं. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. लॅपटॉप उघडून त्याने सिनेमाच दाखवला. छतापर्यंत ज्वाळा, आत माणूस. "बंगल्यावर आग सोडा, काडीसुद्धा पेटलेली नाही," तो म्हणाला. "हुशार मुलगी आहे, वाईट वाटतं." मी त्याला चहा पाजून पाठवलं. खरं सांगतो, माझा संशय त्या मुलीवरच होता. नोकरीवरून काही बिनसलं असेल, किंवा ठरत असलेलं लग्न नको असेल.

दुपारी आमचे हवालदार सहीसाठी कागद घेऊन आले. कडावचेच, घरची भातशेती. टेबलावरचं चित्र बघून ते थबकले.

"साहेब, राब कुणी काढलाय हा?"

"राब कसला? सिनेमातली आग आहे ती."

"आग? जाळ कुठं हाय यात? नुसता धूर. खाली शेण, वर पाला, त्यावर माती. आमी असाच भाजतो."

भाताची रोपं करायची जागा आमच्याकडे अशी भाजतात. वर माती असल्याने जाळ उठत नाही, आतल्या आत धुमसत राहतं. होळीनंतर सगळीकडे हा धूर दिसतो, कुणी मान वळवूनही बघत नाही. ज्वाळांचाच सिनेमा दोन महिने काढणारी मुलगी भासातसुद्धा ज्वाळाच बघेल. मातीतून निघणारा धूर तिने कुठून आणला?

"कुठला बंगला?" हवालदारांनी विचारलं. मी सांगितलं. "तिथं तर लॉन हाय. भात लावत नाय, मग राब कशाला भाजला?" आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तिथल्या वॉचमनची बायको आली व्हती साहेब, मागल्या आठवड्यात."

आली होती. डोंगराखालच्या ठाकरवाडीतली. नवरा घरी आला नाही म्हणत होती. मीच खेकसलो होतो, "वीटभट्टीवर गेला असेल, येईल पावसाच्या तोंडावर." ती म्हणाली होती, "भट्टीवर आमी बिऱ्हाडासकट जातो सायब. येकला कसा जाईल?" मी ऐकलं नव्हतं. मिसिंगची नोंदही झाली नव्हती.

मालकाला पुन्हा बोलावलं. या वेळी मी आईचा धंदा केला, मुद्दाम पडता भाव सांगितला.

"त्या पोरीने डोकं उठवलंय हो," मी म्हणालो. "तुम्ही फार तर पालापाचोळा पेटवला असेल. ग्रामपंचायत दटावेल, विषय संपला."

त्याने तो भाव लगेच घेतला. "हो हो, पाचोळाच होता. माळ्याने पेटवला."

"म्हणजे धूर होता."

"थोडासा."

"सकाळी तर काडीसुद्धा पेटली नव्हती. मग तिने पाहिलेला धूर सिनेमातला कसा? आणि पाचोळ्यावर माती टाकायला माळ्याला कुणी सांगितलं?"

मी टेबलावर हात आपटला, तशी त्याने वकिलाची मागणी केली. पण माळ्याने तासाभरात सांगितलं की त्या दिवशी त्याला सुटी दिली होती.

नायब तहसीलदार आणि पंचांसमोर लॉनची कड खणली. वॉचमन तिथेच होता. रानडुकरांसाठी मालकाने कुंपणात चोरून वीज सोडली होती, तिचा धक्का बसून तो गेला. गावभर राब धुमसतायत, त्यात आपला एक खपून जाईल, असा मालकाचा हिशेब. मुलगी ओरडली म्हणून त्याने तो विझवला आणि प्रेत पुरलं.

वरिष्ठ आधी मला म्हणाले होते, "कार्टून बघून तपास करता काय?" नंतर पत्रकार परिषदेत श्रेय घ्यायला तेच पुढे होते. माझं नाव नाही, हवालदारांचं तर नाहीच. त्याचा राग मला आजही आहे आणि मी तो लपवत नाही.

चित्र मुद्देमालात जमा झालं. मुलीने त्याची झेरॉक्स मागितली. "बाबांच्या टेबलावर ठेवायची आहे," म्हणाली. वडील शेजारीच उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

या तपासाने मला काय शिकवलं असं लोक विचारतात. लबाड माणूस कसा पकडावा, हे मला आधीच येत होतं. त्या मालकाने एका बाईला सांगितलं, तू पाहिलंस ते घडलंच नाही. दुसऱ्या बाईला, त्या वॉचमनच्या बायकोला, तेच मी सांगितलं होतं, वर्दी घालून आणि आवाज चढवून.

वॉचमनची बायको जबाबाला आली तेव्हा खुर्चीवर बसेना. मी स्वतः कागद ओढला, पेन उघडलं. तिने माझ्या हाताकडे बघितलं.

"आता लिवता ना, सायब?"