आमच्या घराचा नारळ

‘आलीच आहेस तर चार चहा टाक गं.’

मी गिऱ्हाईक म्हणून गेले होते. रविवार, माझी सुट्टी. ठेवणीतली साडी नेसलेली. सोबत नवरा, इस्त्रीच्या शर्टात. पनवेलजवळ करंजाड्यात एका बिल्डरचं बुकिंग ऑफिस आहे, तिथं मी साफसफाईला असते. साहेब माझ्या भाच्याच्या वयाचा, पण मला एकेरीतच बोलतो. त्यानं नवऱ्याला खुर्ची दाखवली. मी टेकणार तेवढ्यात हे वाक्य. आणि मी उठले. पदर खोचला, आत गेले, चहा टाकला. कुणी ढकललं नाही मला. पाय आपोआप गेले. त्या पायांचाच मला जास्त राग येतो.

आम्ही साताऱ्याकडचे. कोपरखैरण्यात भाड्याच्या खोलीत राहतो. अकरा महिन्यांचा करार संपला की मालक भाडं वाढवतो, नाहीतर खोली सोडायला लावतो. मग गॅस, पिंप आणि पोरीचं दप्तर उचलून दुसरी गल्ली. नवरा तुर्भ्याला कंपनीत कंत्राटावर. मी बिल्डरचा नमुन्याचा फ्लॅट रोज पुसते, त्यातल्या खोट्या टीव्हीवरची धूळसुद्धा. पुसता पुसता वेडी आशा लागली. वाटलं, आपण इथलेच, साहेब ओळखतात, काहीतरी करून देतील. चुकलंच. साहेबाची ओळख होती ती माझ्या हातातल्या फडक्याशी.

आमच्याकडं जागा बघायला रिकाम्या हातानं जात नाहीत. म्हणून पिशवीत नारळ घेतला होता.

चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तर साहेब नवऱ्याला विचारत होता, ‘भाऊ, सॅलरी स्लिप आहे?’

‘कंत्राटदार हातात देतो पगार.’

‘मग लोन विसरा. खरं सांगू? तुमच्या दोघांच्या पगारात इथं पार्किंग पण येत नाही. टेन्शन नका घेऊ, लांब कुठं चाळ वगैरे बघा.’

साहेब हसला. नवराही हसला. दुसरं काय करणार तो? मी ट्रे धरून उभी. मला कुणी बस म्हणालं नाही.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर एका जोडप्याचं बुकिंग झालं. बुकिंग झालं की आमच्या ऑफिसात घंटा वाजते, नारळ फुटतो, पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली हातात देऊन फोटो काढतात. आणि सगळ्या स्टाफनं जमून टाळ्या वाजवायच्या, असा नियम. त्या दिवशी ऑफिसातले नारळ संपले होते. साहेबाची नजर आमच्या पिशवीवर गेली. शेंडी बाहेर आली होती.

‘भाऊ, तो द्या ना जरा. आणि तुम्हीच फोडा, तुम्हाला सवय असेल.’

नवरा उठला. खरंच उठला. दाराशी उकिडवा बसला. दुसऱ्याच्या घरासाठी आमचा नारळ फोडायला. त्याची वाकलेली मान बघितली आणि माझं डोकं फिरलं. ट्रे टेबलावर ठेवला.

‘अवो, फोडू नका. द्या इकडं.’

‘उद्या दुसरा आणून देतो ना,’ साहेब म्हणाला.

‘नको. ह्यो आमच्या घराचा हाय.’

बुकिंग केलेल्या बाईनं साधेपणानं विचारलं, ‘अय्या, तुम्ही पण घेतलंत? कुठं?’

तिनं टोमणा मारला असता तर चार शब्द सुनावले असते. पण ती खरंच विचारत होती. नारळ पोटाशी धरून मी बाहेर पडले.

रस्त्यावर नवरा भडकला. ‘एका नारळापायी नोकरी घालवशील.’ मग रिक्षा स्टँडवर म्हणाला, ‘मी फोडला असता गं. काय बिघडत होतं?’ हे तो इतक्या सहज बोलला की मला रडू आलं. त्याला काय बोलायचं? मीही चहा टाकलाच होता.

सोमवारी कामावर गेले. न जाऊन सांगते कुणाला? खोली पुन्हा सोडायची आहे, नव्या खोलीला डिपॉझिट लागणार. दुपारी घंटा वाजली. सगळे जमले, टाळ्या सुरू झाल्या. मी पोछा धरून उभी राहिले.

‘काय गं, हात दुखतात?’ साहेबानं विचारलं.

‘नाय साहेब. मी नाय वाजवणार.’

आमचं घर होणार नाही, हे मला आता कळलंय. दोघं मरेस्तोवर राबलो तरी नाही. पोरीचं तरी होईल का, देव जाणे. त्यापुढं माझं काही चालत नाही आणि चालतं असा आवही मी आणत नाही. फरशी पुसायचा पगार घेते, फरशी पुसेन. कामाच्या दिवशी चहाही करेन. पण आमच्यासारख्यांना दारातून परत पाठवायचं आणि दुसऱ्यांच्या आनंदाला आमचेच हात वापरायचे, हे आता होणार नाही. साहेबानं उद्या काढून टाकलं तरी मी टाळी वाजवणार नाही.