सोमवारी ढिला होणारा पट्टा

गाडी फक्त सोमवारी बिघडते, हे माझ्या लक्षात यायला सहा आठवडे लागले. लक्षात आलं ते वहीमुळे. तारीख, काय झालं, काय केलं, कोणी केलं, अशी गाडीची एक वही मी ठेवते. सोळा वर्षांच्या गाडीला वही लागतेच, नाहीतर एक काम दोनदा होतं आणि दुसरं राहून जातं. एका सोमवारी संध्याकाळी पानं उलटताना दिसलं, की ‘पट्टा ओरडतो’, ‘बॅटरीचा लाल दिवा’, ‘इंजिन तापलं’ या सगळ्या नोंदी एकाच वाराच्या आहेत. मंगळवार ते शनिवार गाडी शहाण्यासारखी चालत होती.

यंत्राला वार कळत नाही. माणसाला कळतो. तिथून मला संशय यायला लागला.

पलसाण्याच्या एका डाइंग युनिटमध्ये मी रंग आणि केमिकलचं स्टोअर सांभाळते. सकाळी सातला मी कुलूप उघडून रंग वजन करून दिले, की मशिनं सुरू होतात. त्या खोलीत दहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काम केल्यावर चावी माझ्याकडे आली होती. कंपनीची बस आमच्या नवागामात साडेसातला येते, म्हणजे चावी ठेवायची तर गाडी हवीच. आणि गेले तीन सोमवार मी उशिरा पोहोचले होते. दिंडोली ओलांडली की तापमानाचा काटा वर चढायचा, गाडी कडेला घेऊन बोनट उघडून ती निवेपर्यंत उभं राहायचं, मोटारसायकलवाले वळून वळून बघणार. तिसऱ्या सोमवारी मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. “बेन, पुढच्या सोमवारी असंच झालं तर चावी रातपाळीवाल्याकडे राहील. माझं मशीन उभं राहतं.” तो रागावून बोलला असता तर मी उलट बोलले असते. तो अगदी शांतपणे बोलला.

गाडीचं बरंचसं काम मी घरीच करते. गॅरेजला लागणारा वेळ माझ्याकडे नाही आणि गॅरेजवर विश्वासही नाही. प्लग काढून साफ करणं, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाणी आणि सोडा घालून घासणं, ऑइल बदलणं, हे मी मोबाइलवर बघून शिकले. पहिल्यांदा ऑइल बदललं तेव्हा अर्धं ओट्यावर सांडलं होतं आणि आठवडाभर सगळ्यांच्या चपला काळ्या होत होत्या. पण बंद पडलेली गाडी आपल्या हातानं सुरू झाली की दिवसभर कुणी काही बोललं तरी लागत नाही, हेही खरं.

सहा आठवड्यांपूर्वी मी नवा पट्टा घातला होता. या गाडीत हा एकच पट्टा बॅटरी भरणारा अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप, दोन्ही फिरवतो. तो सैल पडला तर आधी किंचाळतो, मग लाल दिवा लागतो आणि मग इंजिन तापतं. दर सोमवारी संध्याकाळी मी बोनट उघडायची, पट्टा सैल सापडायचा, मी तो ताणून बोल्ट आवळायची आणि आठवडा नीट जायचा. बोल्ट बदलला. स्प्रिंग वॉशर घातलं. तरी पुढचा सोमवार तसाच.

बोल्ट दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी आपोआप ढिला होत नाही. कुणीतरी ढिला करत होतं.

पहिला संशय वाटेवरच्या मेकॅनिकवर. बोल्टचा आटा त्यानंच बघून ठीक आहे म्हणून सांगितलं होतं. मंगळवारी कामावरून परतताना त्याच्याकडे थांबले. त्यानं पट्टा दाबून पाहिला, बोल्ट हलवून पाहिला. “बेन, बधूं बराबर छे,” म्हणजे सगळं ठीक आहे. मग हात पुसत म्हणाला, “गाडी डोशी थई गई. म्हातारीचा कधी गुडघा दुखतो, कधी कंबर. वेची नाखो, विकून टाका.”

“सोमवारीच गुडघा दुखतो का म्हातारीचा?”

“रविवारे उपवास करती हशे.”

हसला. मी गाडी विकावी असं त्याला वाटत होतं का, गिऱ्हाईक त्याचंच असेल का, हेही मी घरी येऊन वहीत लिहिलं. पण शनिवार ते सोमवार गाडी त्याच्याकडे नसतेच, म्हणून मग ते खोडलं.

दुसरा संशय समोरच्या रिक्षावाल्यावर. आमच्या दाराजवळची सावली त्याला रिक्षासाठी हवी होती, हे त्यानं दोनदा बोलून दाखवलं होतं. पण तो शनिवारीच उधन्याला मुलीकडे जातो आणि सोमवारी दुपारी येतो. तोही खोडला. रातपाळीचा स्टोअरवाला, ज्याला चावी मिळणार होती, तो कडोदऱ्याला राहतो. त्यानं एका बोल्टसाठी नवागामपर्यंत यावं, हे माझं मलाच पटेना.

नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता म्हणाला, “इथपर्यंत येऊन पट्टाच ढिला करतो होय चोर? गाडीच नेली असती तर मी पेढे वाटले असते.”

“थट्टा नको. चावी जाईल माझी.”

“गेली तर गेली. बसनं जा सगळ्यांसारखी. झोप तरी पूर्ण होईल.”

त्याच्याकडेही मी जरा निरखून पाहिलं. पण बारा नंबरचा पाना कुठला आणि चौदाचा कुठला, हे त्याला आजही सांगता येत नाही.

पान्यांवरूनच पुढची गोष्ट कळली. मी पाने कापडाच्या गुंडाळीत आकड्यांच्या क्रमानं ठेवते. बुधवारी गुंडाळी उघडली तर बाराचा पाना चौदाच्या कप्प्यात होता. तो बोल्ट बाराचा आहे. आणि गुंडाळी घरात, कोठीच्या फळीवर असते. म्हणजे माणूस घरातला होता.

घरात आम्ही तिघं. नवरा, मी आणि सासरे.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. तरुणपणी ते खानदेशातून इथे आले आणि आयुष्यभर लूमच्या कारखान्यात राहिले, शेवटची वीस वर्षं मास्तर म्हणून. मास्तर म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. त्या खडखडाटानं त्यांचे कान गेले. आता शेजारी उभं राहून ओरडलं तर ऐकू येतं, एरवी नाही. मी चावी घेतली त्या महिन्यात ते मला म्हणाले होते, “अंधारामा एकली जाऊ नको, पोरी. नोकरी काय, दुसरी मियी जाई.” नोकरी काय, दुसरी मिळून जाईल, असं त्यांचं म्हणणं. आता ते वाक्य मला दिवसातून चार वेळा आठवायला लागलं. त्यांच्यासाठी चहा ठेवताना आठवायचं, त्यांचं धोतर वाळत घालताना आठवायचं. त्यांच्या समोर बसून जेवणं जड जायला लागलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. वहीत मात्र लिहिलं.

शनिवारी चार वाजता मी पट्टा ताणला, बोल्ट आवळला आणि स्टोअरमधून आणलेल्या पांढऱ्या रंगानं बोल्टच्या डोक्यापासून खालच्या पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटणार. गाडीवर कव्हर घातलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी भाजी निवडत बसले.

साडेपाचला आबा बाहेर आले. खांद्यावरच्या पंच्यात काहीतरी गुंडाळलेलं. त्यांनी कव्हर पुढून दुमडलं, बोनट उघडलं, काठीनं टेकवलं आणि आत वाकले. कुठेही घाई नाही, इकडेतिकडे बघणं नाही.

मी जाऊन त्यांच्या मागे उभी राहिले. त्यांना कळलं नाही. उजव्या हातातल्या पान्यानं त्यांनी बोल्ट सैल केला, डाव्या हातानं अल्टरनेटर आत ढकलला आणि सुटलेल्या पट्ट्यावरून बोटं फिरवली. म्हशीच्या मानेवरून फिरवतात तशी. मग मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

ते दचकले नाहीत. “झायं,” ते म्हणाले. “आते पट्टाले आराम.”

“तुम्ही का सोडता तो पट्टा?”

त्यांना ऐकू आलं नाही. मला ओरडावं लागलं. इतके दिवस जे कुणाला कुजबुजूनही सांगितलं नव्हतं ते मी भर गल्लीत ओरडले. “पट्टा का सोडता? माझी नोकरी घालवायचीय का तुम्हाला?”

शेजारची बाई ओट्यावर आली. “काय गं, भांडण आहे की गाडी?”

“गाडी,” मी म्हटलं. तरी ती आत गेली नाही.

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग लहान मुलीला समजावावं तसं सांगायला लागले. “उभी गाडीना पट्टा ताणेल ठेवा ते मरी जास. जुना मरेलच व्हता. हाई नवा शे.”

लूमवर सुताचा जो ताणा असतो, तो कारखाना बंद राहणार असला की सैल करून ठेवतात. दिवाळीच्या सुट्टीत, दोन दिवसांच्या बंदमध्ये, कारीगर घरी जायच्या आधी बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, सैल करतो. ताणलेलं सूत पडून राहिलं तर मरतं आणि सुरू केल्यावर कापडावर पट्टे उमटतात. शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत माझी गाडी उभी असते. आबांच्या हिशेबी तो कारखान्याचा बंद होता.

“मग मला सांगितलं का नाही?”

“यामा सांगाले काय शे?” त्यांना खरंच कळलं नाही. “सोमवारले पाचले उठीसन ताणी देस ना मी.”

आणि त्यांनी लगेच ताणून दाखवला. अल्टरनेटर बाहेर ओढला, बोल्ट आवळला, पट्ट्यावर अंगठा दाबला आणि मान हलवली. बरोबर, असं. मला अजून खात्री नव्हती. माणूस पकडला गेला की चांगलं कारण सांगतोच. मी आत बसून गाडी सुरू केली.

पट्टा असा किंचाळला की शेजारच्या बाईनं कानांवर हात ठेवले. कुत्रं उठून पलीकडे गेलं. काचेतून मला आबा दिसत होते. बोनटशेजारी ते उभे होते, पंच्याला हात पुसत, चेहरा समाधानी. नीट बसलेल्या लूमसमोर उभा असलेला माणूस जसा दिसेल तसे.

तो आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. सहा सोमवार मी गल्लीतून तशीच किंचाळत निघत होते आणि ते ओट्यावर उभे राहून मला हात हलवून निरोप देत होते.

मी खाली उतरले. कसं सांगावं कळेना. शेवटी सर्वांत मोठा स्क्रूड्रायव्हर आणून त्यांच्या हातात दिला. आधी त्यांना कळलं नाही, मग कळलं. लूमचं बेअरिंग तपासायला ते असंच करायचे, कान गेल्यावरही. त्यांनी टोक अल्टरनेटरच्या पत्र्यावर, फिरत्या भागापासून लांब टेकवलं, थरथर कळावी म्हणून लाकडी मूठ दातात धरली आणि डोळे मिटले.

बराच वेळ ते तसे उभे राहिले. मग मूठ तोंडातून काढून त्यांनी मला गाडी बंद करायची खूण केली.

“सरकी ऱ्हायना,” ते म्हणाले. सरकतोय.

“हो.”

“कितला दिन व्हयनात?”

मी सहा बोटं दाखवली. त्यांनी स्वतःचा अंगठा वर करून पाहिला, दोन्ही बाजूंनी. त्या अंगठ्यानं त्यांनी किती लूम बसवले असतील. शेजारची बाई तेवढ्यात आत निघून गेली, त्याचं मला बरं वाटलं.

मी माफी मागितली नाही. त्यांच्याबद्दल मी काय धरून बसले होते हे त्यांना कळलंच नव्हतं, आणि सांगायचं तर पुन्हा ओरडून सांगावं लागलं असतं. मी पाना घेतला. त्यांनी पत्र्याखाली पहार घालून अल्टरनेटर बाहेर रेटून धरला, मी बोल्ट आवळला. एकट्यानं हे काम नीट होतच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मीही इतके दिवस एका हातानं ओढून दुसऱ्या हातानं आवळत होते. मग त्यांनी माझा अंगठा धरून पट्ट्याच्या मधोमध दाबला. इतका. आणखी दाबून बघ. याहून जास्त जायला नको. गाडी सुरू केली, तर आवाज नाही. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. त्यांनी खात्री करायला पुन्हा मूठ दातात धरली.

पण उभ्या गाडीचा पट्टा ताणलेला राहणार, हे त्यांना काही पटत नव्हतं. मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवले, ते त्यांनी बघितले नाहीत. रविवारी सकाळी चहा पिताना ते दोनदा गाडीकडे बघून आले. त्यांनी पुन्हा पाना घेतला तर मला कळेल का, हा विचार माझ्याही डोक्यातून जात नव्हता. शेवटी मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, “आबा, चालता लूम कुणी सैल करतं का?”

“नही.”

“मग चला. उभीच ठेवायची नाही.”

आम्ही चलथाणपर्यंत गेलो आणि आलो. येताना साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. मी काट्याकडे बघत होते, आबा तळहात डॅशबोर्डवर पसरून बसले होते. काटा मध्यावर राहिला.

सोमवारी मी पावणेसातला स्टोअरसमोर पोहोचले. रातपाळीवाला दारात उभा होता, मॅनेजर जिन्यावर. दोघांनी आधी घड्याळ पाहिलं, मग माझ्या हातातल्या चावीकडे. मी कुलूप उघडलं, वजनकाटा पुसला आणि पहिल्या मशीनचा रंग काढायला घेतला. मॅनेजर म्हणाला, “बेन, गाडी बदली काय?”

“नाही,” मी म्हटलं. “तीच.”

त्यानं बहुतेक विश्वास ठेवला नाही.

संध्याकाळी आबांनी मला विचारलं, किती वाजता पोहोचलीस. मी बोटांनी सांगितलं.

“ऊसना ट्रॅक्टर वाढी ग्यात,” ते म्हणाले. “सोमवारले धा मिनिट आगे निंघत जाय.”