बांगडीवाले शेट नागपूरला कशाला गेले होते

मनुष्य मिसिंगच्या किती नोंदी माझ्या हातून गेल्या, ते मी मोजलं नाही. बऱ्याच विसरलोही. पण वर्ध्याच्या एका बांगडीवाल्या शेटचं प्रकरण काही केल्या विसरत नाही. नाव कुणाचंच सांगत नाही. त्यातली माणसं आजही रस्त्यात भेटली की थांबतात, विचारपूस करतात.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. आठवीतून शाळा सुटली. वर्ध्याला पोलीस भरती आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून एका पिशवीत दोन कपडे घालून आलो आणि लागलो. बायको-मुलं गावीच राहिली. शिपायाचा पुढं जमादार झालो, तरी जबाब लिहायला बसलो की पेन पुढं सरकायचं नाही. आपलं काहीतरी चुकणार आणि ठाणेदार साहेब कागद तोंडावर फेकणार, ही भीती कायम. आमच्या ठाण्याच्या रायटरनं, म्हणजे कागदपत्रं लिहिणाऱ्या हवालदारानं, मला शेजारी बसवून लिहायला शिकवलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. सकाळी दहाच्या सुमारास एक गृहस्थ तावातावानं ठाण्यात आले. मागं त्यांची बहीण, पदर तोंडाला लावलेली. बहिणीचे यजमान म्हणजे हे शेट. वय बावन्न, बाजारात बांगड्यांचं दुकान, घर बोरगाव मेघेला. आदल्या दिवशी सकाळी ‘नागपूरले मालाले जातो, संध्याकाळच्या गाडीनं येतो’ असं सांगून गेले, ते आलेच नव्हते.

मी मिसिंग रजिस्टर उघडलं. उंची पाच फूट चार इंच, रंग सावळा, डोक्यास टक्कल, अंगात पांढरा सदरा. कुणाशी वैर? नाही. व्यसन? सुपारीसुद्धा नाही. घरात भांडण? बाईंनी मान हलवली.

त्यांचे भाऊ मात्र थांबेनात. “जमादार साहेब, तुमी त्या दुकानातल्या माणसाले धरा. मागच्या हप्त्यात दोघायची कुजबुज चालू होती. मी गेलो तर दोघंही गप. त्यालेच सारं मालूम आहे.”

दुकानातला माणूस म्हणजे चाळिशीचा, अंगानं किडकिडीत. बावीस वर्षं तिथंच काम करत होता. मी बाईंना घेऊन दुकानावर गेलो, पंच बोलावले, पाहणी केली. सगळं जिथल्या तिथं. गल्ल्यामागं फळीवर एक टेपरेकॉर्डर आणि दहा-बारा कॅसेटी. प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात ‘भजन १’, ‘भजन २’ असं लिहिलेलं. मी एक उचलली तशा बाई घाईनं म्हणाल्या, “ते भजनाचं आहे. राहू द्या ना ते.”

नवरा बेपत्ता असताना बाईला कॅसेटीची काळजी? मनात खूण केली आणि दोन कॅसेटी पंचनाम्यात दाखवून ताब्यात घेतल्या.

दुकानातल्या माणसाला ठाण्यात आणून बाकावर बसवलं. “शेट कुठं आहेत?” गप्प. “भांडण झालं का?” मानेनंच नाही. “मग बोलत का नाहीस?” जमिनीकडं बघत बसला. माझ्या अनुभवात खोटं बोलणारा माणूस भरपूर बोलतो. हा एक शब्द बोलत नव्हता, म्हणजे तो काहीतरी सांभाळत होता. पण साहेबांना हे पटेना. “जमादार, चार वाजेपर्यंत तुझ्या पद्धतीनं विचार. नंतर मी माझ्या पद्धतीनं विचारतो,” म्हणाले. साहेबांची पद्धत अख्ख्या ठाण्याला ठाऊक होती. त्या किडकिडीत माणसालाही ती कळली असावी, कारण तो अंग चोरून बसला. तोंड मात्र उघडलं नाही.

दुपारी बसस्टँडवरचा आमचा खबऱ्या आला. तिथं फुटाणे विकायचा. “शेट ना? पाह्यले ना साहेब! नागपूरच्या गाडीत बसले. पण पांढरा सदरा कायचा? काळी बनियन होती, तिच्यावर खोपडीचं चित्र. मले वाटलं, शेटले भूतबाधा झाली.”

म्हणजे माणूस घरून एका कपड्यात निघाला आणि वाटेत दुसरे घातले. वेष बदलला! शेटच्या मेहुण्यानं हे ऐकलं आणि “दुसरी बाई असन,” असं स्वतःच्या बहिणीसमोर बोलून मोकळा झाला. बाई मटकन खाली बसल्या. मला त्या माणसाचा फार राग आला.

साडेतीन झाले होते. काही सुचेना. रायटरकडं टेपरेकॉर्डर होता. म्हटलं, देवाचं नाव तरी कानावर पडू दे. ‘भजन २’ लावली. दोन क्षण नुसती खरखर. मग कुणीतरी गंजलेलं शटर ओढावं तसा आवाज निघाला आणि त्यामागून असा काही ढोल सुरू झाला, की पहाऱ्यावरचा शिपाई रायफल सावरत आत धावला. एक माणूस इंग्रजीत जीव तोडून गात होता. रायटर म्हणाला, “जमादार, हे कोणत्या देवाचं?”

बाकावरच्या माणसानं कपाळाला हात लावला.

“बंद करा साहेब. सांगतो सारं. शेट काई मराले नाई गेले. या गाणाऱ्याचा कार्यक्रम आहे नागपूरले. सहा वरसापासून ऐकून राह्यले त्याले. पोस्टर लागलं तवापासून झोप नव्हती त्यायले. पण कार्यक्रम तर कालच होता. काल काऊन नाई आले, ते मले खरंच मालूम नाई.” मग हात जोडले. “घरी नका सांगू. शपथ घातली आहे मले.”

नागपूरला फोन लावला. कंट्रोल रूमनं सांगितलं, बँडचं सामान वेळेत पोचलं नाही म्हणून कार्यक्रम एक दिवस पुढं गेलाय, आज आहे. बाईंना एवढंच सांगितलं, पत्ता लागलाय, आणायला जातो. साध्या कपड्यात नागपूरची गाडी धरली. पवनार मागं पडलं तरी माझ्या जिवाचा घोर जाईना. नागपुरातही नाही सापडले तर? मागं ठाण्यात तो दुकानातला माणूस अजून बाकावरच होता.

मैदानावर पोरापोरींचा समुद्र. अख्ख्या नोकरीत मी असे कार्यक्रम उलटेच पाहिले होते. बंदोबस्तात पोलिसाची पाठ स्टेजकडं आणि तोंड गर्दीकडं असतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी लोकांसारखा स्टेजकडं तोंड करून चालत होतो. अगदी पुढं, बांबूच्या कठड्याला लागून, केसाळ डोक्यांच्या मधोमध एक टक्कल चमकत होतं. काळी बनियन, खोपडी. शेटच.

आधी बंदोबस्ताच्या गाडीवरून वायरलेस केला, ‘मिसिंग इसम मिळून आले, सुखरूप.’ वर्ध्याहून उलट निरोप आला की दुकानातल्या माणसाला घरी सोडलं, बाईंना कळवलं. मग मी शेटजवळ गेलो. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ते गात होते, शब्दन् शब्द. मी खांद्यावर हात ठेवणार होतो. नाही ठेवला. आता घाई कुणालाच नव्हती. शेवटचं गाणं संपल्यावर हात ठेवला. त्यांनी मला ओळखलं आणि एकदम पांढरे पडले. “जमादार साहेब! घरी सारं बरं आहे ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात जबाब घेतला. मला चार ओळी पुरल्या असत्या. शेट दोन तास बोलले.

कुणी हॉस्टेलची पोरगी बांगड्या भरताना दुकानात कॅसेट विसरली होती. ती कुणाची हे कळावं म्हणून त्यांनी लावली, आणि लावतच राहिले. “शब्द नाई कळत साहेब, पण पाठ आहेत. तो ढोल वाजला की फळीवरच्या साऱ्या काचेच्या बांगड्या किणकिणतात. काल तिथं बांगड्या नव्हत्या. मीच किणकिणलो.” कॅसेटीत त्या गाणाऱ्याचा श्वास ऐकू येत नाही, तिथं आला. फोटोत धिप्पाड दिसतो, पण खरा अगदी लहानसा निघाला. मधेच एक ओळ विसरला, तर सगळ्या मैदानानं त्याला सांगितली. “त्यात माहाही आवाज होता!” शेजारच्या एका पोरीनं विचारलं, काका तुम्ही इथं कसे? हे म्हणाले, भाच्याले पाहाले आलो. मग आवडतं गाणं लागलं आणि हे उड्या मारायला लागले. पोरगी म्हणाली, “काका, सापडला वाटतं भाचा!”

“घरी फोन का नाही केला?” मी विचारलं.

“एक खोटं बोललो होतो साहेब. दुसरं बोलाची हिंमत नाई झाली. स्टेशनवरच पडून राह्यलो.” मग हळूच म्हणाले, “जबाबात मालाले गेलतो असंच लिहा ना. मेहुण्याले कळलं तर बाजारात तोंड दाखवाले जागा नाई.”

खोटं लिहिणं मला जमणार नव्हतं. मी लिहिलं, ‘आवडीचा गायनाचा कार्यक्रम ऐकण्यास गेलो होतो.’ यात एक अक्षर खोटं नाही. घरी काय सांगायचं, ते मात्र त्यांचं त्यांनी बघायचं होतं.

घरची मंडळी आत आली. दुकानातला माणूसही सोबत होता. मेहुणा म्हणाला, “हं, कोन आहे ते बाई?” शेट उठून उभे राहिले. बाईंकडं बघून सगळं सांगितलं. गाणारा, कॅसेटी, बनियन, सगळं. मेहुणा हसायला लागला. बाईंनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“मले काऊन नाई नेलं?” त्या म्हणाल्या.

शेट परत खुर्चीवर बसले.

“तुमी दुपारी जेवाले घरी येता तवा दुकानात कोन बसते? मीच ना? रोज आयकतो मी. तुमाले कसं सांगू, वाटे. या वयात हे काय म्हनान. ह्या साहेबायनं कॅसेटीले हात लावला तर माहा जीव गेलता, आता आपलं बिंग फुटते म्हनून.”

मी दुकानातल्या माणसाकडं बघितलं. तो ओशाळून म्हणाला, “दोघायनंही शपथ घातली होती साहेब. एकमेकायले सांगू नको म्हनून.”

ठाणेदार साहेबसुद्धा हसले. त्या माणसाला त्यांनी स्वतः चहा मागवला. मला मात्र हसू आलं नाही. चार वाजले असते तर एका भल्या माणसाचं काय झालं असतं, हा विचार कितीतरी दिवस मनातून गेला नाही.

या तपासानं मला एक गोष्ट शिकवली. आमच्या फॉर्मात उंची आहे, रंग आहे, अंगावरच्या खुणा आहेत, वैर आहे. त्या माणसाला आवडतं काय, हे कुठंच नाही. पुढं प्रत्येक मिसिंगमध्ये फॉर्म भरून झाला की मी हा प्रश्न विचारत गेलो. बहुतेक घरांत सख्खी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायची.

शेटचा जबाब घेतला त्या दिवशी संध्याकाळी मी एसटीडी बूथवर गेलो आणि गावी शेजाऱ्यांच्या घरी फोन लावला. त्यांनी बायकोला बोलावलं. मी विचारलं, “तुला काय आवडतं गं?”

“म्हणजे?” ती घाबरलीच. “बरे आहात न्हवं? काय झालंय तिकडं?”

“काही झालं नाही. सांग की.”

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला.

“पवायला,” ती म्हणाली. “लगीन व्हायच्या आधी आख्खी नदी पवून पलीकडं जायची मी.”

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. मी खिशातली वही काढली आणि लिहून घेतलं.