नानांच्या ट्रकचे सीमोल्लंघन

जुन्या गाडीवर गंज आणि गोष्टी सारख्याच वेगाने चढतात. फरक इतकाच, की गंज घासला की निघून जातो. गोष्टी घासाव्यात तितक्या अधिक चकाकतात! माझे सारे आयुष्य देवपूजा, पोथी आणि अभंग यांत गेले. आरतीच्या वेळी रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवला तर रागवायचे, एवढाच माझा वाहनांशी संबंध. तरीही आज चार माणसे जमली आणि कुणी 'बुवा, काहीतरी सांगा' म्हटले, की लोकांना संतांच्या आधी नानांचा ट्रक ऐकायचा असतो. काळाचा महिमा, दुसरे काय!

नाना म्हणजे बिबवेवाडीतले माझे शेजारी. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, देव मुळीच न मानणारे आणि आमच्या गुरुवारच्या भजनाला न चुकता येणारे. भजन संपता संपता येत, कारण चहा तेव्हा असे!

* * *

एका सकाळी नाना विहिरीसाठी पंप आणायला कात्रजच्या बाजूला गेले. तिथे एका शेतकऱ्याच्या बांधावर लष्कराने कधीकाळी लिलावात काढलेला फोर-व्हील ड्राइव्हचा ट्रक उभा होता. स्टिअरिंगवर कोंबडी बसली होती. नानांचे देहभान हरपले. साक्षात्कार कुणाला कुठे व्हावा याला नियम नाही.

"चालतो का हो हा?" नानांनी विचारले.

"चालला असता तर हितं कशाला ऱ्हायला असता?" शेतकरी म्हणाला.

एवढ्या स्वच्छ उत्तरानंतर कोणीही शहाणा माणूस माघारी वळला असता. नाना म्हणाले, "माणूस प्रामाणिक दिसतो!" आणि त्यांनी ट्रक घेतला.

संध्याकाळी ट्रॅक्टरला दोरखंडाने बांधलेला तो ट्रक घरी आला, तेव्हा वहिनी तुळशीपाशी दिवा लावत होत्या. हातातली काडी विझेपर्यंत त्या पाहत राहिल्या.

"अहो, तुम्ही पंप आणायला गेला होतात ना?"

"आणला की!" नाना म्हणाले. "याच्या इंजिनात वॉटर पंप आहे."

वहिनींनी आवाज चढवला नाही. त्यांना त्याची कधी गरजच पडली नाही. "दसऱ्याला हे प्रकरण स्वतःच्या चाकांनी फाटकाबाहेर गेलं तर तुमचं. नाही गेलं तर भंगारवाल्याचं. मी त्याला आजच सांगून ठेवते."

ही धमकी नव्हे, शिलालेख होता. नाना हसले, पण मला ठाऊक होते की तो हसण्याचा विषय नव्हता. निवृत्तीनंतर हा मनुष्य सकाळचा पेपर जाहिरातींसकट वाचून पुन्हा पहिल्या पानावर येत असे. ट्रक आल्यापासून पेपर घडी न मोडता रद्दीत जाऊ लागला. ट्रक गेला असता तर मागे उरले असते ते पेपरच!

* * *

गाडी उघडायला नानांनी उस्मानभाईंना बोलावले. उस्मानभाई नाना पेठेतले, तीन पिढ्यांचे मेकॅनिक. बोलणे अस्सल पुणेरी. म्हणजे मोजके आणि लागेल असे.

आमचे भजनी मंडळ नानांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसत असे. ट्रक शेडमध्ये शिरला आणि देवाची भक्त मंडळी बाहेर निघाली. नानांनी उदारपणे तोड काढली: "हौद्यात बसा की! माल वाहायलाच केलाय तो."

आम्ही हौद्यात बसून अभंग म्हणू लागलो. खाली उस्मानभाई गंजलेल्या बोल्टवर हातोडा घालत होते. आमच्यातले एक वयोवृद्ध टाळकरी अखेर चिडले. कठड्यावरून वाकून म्हणाले, "उस्मानभाई, भजन चाललंय! तो हातोडा थांबवा!"

खालून आवाज आला, "थांबवतो, काका. पण मग तुम्हाला सम कोण दाखवणार?"

पखवाजवाला इतका हसला, की पुढचा अभंग आम्हांला तालाशिवायच म्हणावा लागला.

* * *

नाना नोकरीत उभ्या जन्मात एकाच गोष्टीला भ्याले, ती म्हणजे बदली. पुण्याबाहेर बदली होऊ नये म्हणून त्यांनी एवढे प्रयत्न केले, की तेवढ्या तपात एखाद्याला मोक्ष मिळाला असता. वहिनीही त्या भयाच्या भागीदार होत्या.

आता या ट्रकमध्ये एक लोखंडी पेटी असते. इंजिनाची ताकद ती पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देते. तिला म्हणतात ट्रान्सफर केस. ती दुरुस्तीसाठी उस्मानभाईंनी आपल्या वर्कशॉपमध्ये नेली आणि एका दुपारी तिथून नानांना फोन लावला. फोन वहिनींनी घेतला.

"वहिनी, नानांना सांगा, ट्रान्सफर केस उघडली."

"कुणी उघडली?" वहिनींचा आवाज कापला.

"मीच. आत फार घाण निघाली. आज ना उद्या हे होणारच होतं."

वहिनी फोन तसाच ठेवून माझ्याकडे आल्या. "बुवा, निवृत्त माणसाचीसुद्धा बदली होते का हो?"

मी पोथीतून मान वर केली. "होते, वहिनी. पण एकाच ठिकाणी, आणि ती ऑर्डर आधी कुणाला दाखवत नाहीत."

त्या दिवशी नाना घरी आले तेव्हा देव पाण्यात ठेवलेले होते. वहिनींना खरा प्रकार कळल्यावर त्यांनी देव कोरडे करून जागेवर ठेवले आणि चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

* * *

डॅशबोर्डवरचा, बॅटरीत वीज किती जाते-येते ते दाखवणारा अँमीटर बंद होता. तो शोधायला नाना मला घेऊन बुधवार पेठेत गेले. म्हाताऱ्या माणसाबरोबर असले की दुकानदार नीट बोलतो, असा त्यांचा समज. बिचारे जन्मभर पुण्यात राहिले, तरी!

दुकानदार वर्तमानपत्रातले कोडे सोडवत होते. नानांनी ट्रकचे साल, मॉडेल, इतिहास आणि भूगोल सांगितला. दुकानदारांनी मान वर न करता विचारले, "नवा हवा का जुना?"

"नवा मिळाला तर उत्तमच!"

"ट्रक जुना, आणि अँमीटर नवा?"

"हो."

"मग तो खरं सांगेल. ट्रकला सोसणार आहे का?"

नानांनी जुना घेतला.

* * *

दसरा तोंडावर आला आणि इंजिन पहिल्यांदा धडधडले. चारही चाके हवेत राहतील असा ट्रक जॅकवर उचललेला होता. नानांनी मला पुढे उभे केले. "बुवा, दोन शब्द बोला."

मी म्हणालो, "चार चाके वेगळी दिसतात, पण त्यांना फिरवणारी शक्ती एकच. हेच अद्वैत!"

उस्मानभाईंनी गिअर टाकला. मागची चाके पुढे फिरू लागली. पुढची चाके मागे फिरू लागली!

पुढच्या आसाची आतली गिअरची जोडी नानांनी हौसेने स्वतः बसवली होती. बसवली चोख, पण उलट्या बाजूने. उस्मानभाईंनी इंजिन बंद केले. मग उस्मानभाई म्हणाले, "नाना, अर्धी गाडी परत कात्रजला चाललीय."

वहिनी पायरीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एकवार चाकांकडे पाहिले, एकवार नानांकडे.

"दुरुस्त कशाला करता? आपल्या घरात असंच चालतं."

माझे अद्वैत तिथेच संपले. नाना आणि उस्मानभाई पुढचा आस पुन्हा उघडायला बसले.

* * *

आस उघडलेला असताना उस्मानभाईंनी ट्रकच्या पुढच्या तोंडाला गंज धरू नये म्हणून अस्तराचा लाल रंग लावायला घेतला. रंग कमी पडला, तेव्हा शेडमधला उरलेला नारिंगी त्यात मिसळला. वाळायला ऊन लागते म्हणून ट्रक ढकलत फाटकाच्या तोंडाशी आणला. हेडलाइट काढलेले होते, तिथे दोन गोल खोबण्या दिसत. एकंदर रूप शेंदरी, रुंद, आणि डोळे वटारलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेटवर जास्वंदीचे फूल होते. नानांना वाटले झाडावरून पडले असेल. जास्वंद आमच्या गल्लीत नाही.

शनिवारी बंपरवर तेल ओतलेले सापडले. "कुठून गळतंय?" म्हणत नाना तासभर खाली झोपून शोधत होते. तेल वरून आले होते. मागोमाग रुईच्या पानांची माळ आली, आणि मग पलीकडच्या गल्लीतल्या आजी सुनेला घेऊन रोज येऊ लागल्या. सुनेचे कसलेसे काम अडले होते, ते झाले. त्यानंतर गर्दी वाढली.

"बुवा, यांना सांगा काहीतरी!" नाना मला म्हणाले. "मी सांगितलं तर म्हणतील, नास्तिक आहे."

"आहातच की!" मी म्हणालो.

पुढचा आस एकदाचा सरळ बसला आणि दसरा उजाडला. फाटकासमोर भंगारवाला टेंपो घेऊन हजर. वहिनींनी त्याला रीतसर चहा दिला. आत नाना स्टिअरिंगवर, उस्मानभाई उघड्या बॉनेटपाशी. इंजिन खोकले, थबकले आणि चालू झाले! उस्मानभाईंनी बॉनेट खाली घेतले. नानांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ट्रक हातभर पुढे सरकला.

आणि पूजेचे ताट घेऊन त्या आजी फाटकात आडव्या उभ्या राहिल्या.

"थांबा! देव हलवायचा नाही!"

"आजी, हा देव नाही, ट्रक आहे!" नाना खिडकीतून ओरडले.

"तुम्हाला काय कळतंय? घरात असून कधी हात जोडलेत का?"

आजींमागे बाया, बायांमागे टेंपो. भंगारवाल्याने घड्याळ पाहिले. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. देव नाही म्हणावे तर आजींची श्रद्धा मोडते. देव आहे म्हणावे तर तो हलत नाही, आणि न हललेला ट्रक भंगारात जातो. उभ्या जन्मात असा पेच मला कुठल्या पोथीने घातला नव्हता.

मी हात जोडले. "आजी, आज दसरा. आज देवसुद्धा सीमोल्लंघनाला निघतात. त्यांना आपण अडवायचं?"

आजींनी विचार केला. मग त्या बाजूला झाल्या आणि त्यांनी ट्रकच्या तोंडाला कुंकू लावले. नानांनी गिअर टाकला. पुढची चाके फाटकाच्या उंबऱ्यावरून बाहेर उतरली. बायांनी फुले उधळली. इंजिनाने एक दीर्घ श्वास सोडला आणि ते बंद पडले.

अर्धा ट्रक आत, अर्धा बाहेर. नानांनी स्टार्टर मारला. उस्मानभाईंनी बॉनेट उघडले, मिटले, पुन्हा उघडले. मग सगळ्यांनी मिळून ढकलले. ट्रक तसूभर हलला नाही.

"देवाला जागा पसंत पडली," आजी म्हणाल्या आणि त्यांनी नारळ फोडला.

भंगारवाल्याने चपला काढल्या, नमस्कार केला आणि वहिनींकडे पाहिले. नानांनीही वहिनींकडे पाहिले. स्टिअरिंगवरचे त्यांचे हात सुटत नव्हते.

वहिनी कितीतरी वेळ त्या शेंदरी तोंडाकडे पाहत उभ्या राहिल्या. मग घरात गेल्या, निरांजन लावून आणले, ओवाळले आणि नानांना म्हणाल्या,

"अहो, उद्या गवंड्याला बोलवा. आपल्याला जायला-यायला बाजूनं एक फाटक करून घेऊ."