सख्ख्या भावाची भाडेकरू

ईनिड हॅल्सॉलने आयुष्यात एकाही फॉर्मवर खोटं लिहिलं नव्हतं, आणि त्याचंच फळ म्हणून तिला सात महिने खेटे घालावे लागले.

थॉर्नशॉमध्ये, कालव्यामागच्या दगडी घरांच्या ओळीत, ती एकतीस वर्षं भाड्याने राहत होती. शाळेत मुलांना जेवण वाढण्यात तिची नोकरी सरली. नवरा रॉनल्ड याच घरात, वरच्या पुढच्या खोलीत वारला. मागे राहिलेली पेन्शन तुटपुंजी, म्हणून भाड्यापुरती मदत, हाउसिंग बेनिफिट, तिला कौन्सिलकडून मिळायची. सहा वर्षं ती बिनबोभाट मिळत होती. मग घरमालक म्हातारे पिलिंग वारले, त्यांच्या मुलाने घर विकायला काढलं, आणि ईनिडच्या तोंडचं पाणी पळालं. एकोणसत्तराव्या वर्षी नवं घर शोधायचं कुठे?

मध्ये पडला तिचा धाकटा भाऊ, विल्फ ग्रिमशॉ. अडतीस वर्षं बस चालवून नुकताच निवृत्त झालेला, एकटा, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारा, आणि बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष. निवृत्तीची रक्कम घातली, उरलेल्याचं बँकेकडून कर्ज काढलं, आणि ते घर त्याने विकत घेतलं. ईनिडने डोळे पुसायला सुरुवात केली, तर त्याने स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला छापील भाडेकरार तिच्यासमोर ठेवला. भाडं पिलिंग घ्यायचे तेवढंच, आठवड्याला ऐंशी पौंड.

"सही कर," तो म्हणाला. "हप्ता या भाड्यातूनच जायचाय. दान केलेलं नाही मी."

मालक बदलला म्हणून मदतीचा फॉर्म नव्याने भरायचा होता. त्यात विचारलं होतं, मालक तुमच्या नात्यातला आहे का? शेजारची ग्लेनिस म्हणाली, "नाही म्हणून खूण कर आणि मोकळी हो. तू हॅल्सॉल, तो ग्रिमशॉ. कोणाच्या बापाला कळतंय?" ईनिडला ते पटेना. भाऊ एका छपराखाली राहत नाही, भाडं रीतसर आहे, करार आहे. मग लपवायचं काय? तिने 'हो' वर खूण केली आणि पुढच्या रेघेवर स्वच्छ अक्षरात लिहिलं : सख्खा भाऊ.

पंधरा दिवसांनी कौन्सिलकडून लोमॅक्स नावाचा तरुण अधिकारी घर बघायला आला. ईनिडने त्याला चहा दिला, सोबत आल्याच्या केकचा तुकडा दिला. त्याने करार पाहिला, भाड्याचं पुस्तक पाहिलं, आणि जाता जाता सहज विचारावं तसं विचारलं, "समजा, तुमचं भाडं थकलं, तर भाऊ तुम्हाला बाहेर काढतील?"

ईनिडला हसू आलं. "विल्फ? अहो, खुर्चीत मांजर बसलं तर तो स्वतः स्टुलावर बसतो. तो मला काय काढतोय!"

लोमॅक्सही हसला, आणि ते त्याने लिहून घेतलं.

नकाराच्या पत्रात ते मांजर जसंच्या तसं आलं. भाडेकरूच्याच म्हणण्यानुसार मालक भाडेकरूला बाहेर काढणार नाही; सबब हा व्यवहार खऱ्या भाड्याचा नसून घरगुती सोय आहे; सबब मदत देता येत नाही. ईनिडने पत्र तीनदा वाचलं. शहाण्या माणसाने चहा प्यायला यावं, केक खावा, आणि विनोदाचा पुरावा करावा, हे तिच्या डोक्यात शिरेना.

ती कौन्सिलच्या ऑफिसात गेली. खिडकीतल्या मुलीने सांगितलं, हे फोनवर विचारा. फोनवर वीस मिनिटं बाजा ऐकवून कोणीतरी सांगितलं, हे लेखी कळवा. लेखी कळवलं, तर उत्तर आलं की सोबत करार जोडलेला नाही. करार तिने दोनदा जोडला होता. तिसऱ्यांदा ती स्वतः घेऊन गेली, तर तीच मुलगी म्हणाली की मूळ कागद इथे घेत नाहीत. ईनिडने काउंटरवर हात टेकले आणि शांतपणे विचारलं, "पोरी, मी परक्या माणसाकडे राहिले असते आणि त्याला हेच ऐंशी पौंड दिले असते, तर तुम्ही मदत दिली असती ना?" मुलगी हो म्हणाली. "मग भाऊ असणं हा गुन्हा आहे का?" मुलीने तक्रारीचा फॉर्म पुढे केला.

तोवर भाडं पेन्शनमधून जायला लागलं, म्हणजे अर्धंच. थंडीतही शेगडी फक्त एकाच खोलीत पेटायची. दर शुक्रवारी विल्फ यायचा, चाळीस पौंड मोजायचा, आणि पुस्तकात लिहायचा : चाळीस मिळाले, चाळीस बाकी. दिलासा नाही की सहानुभूती नाही. वर एकदा पन्हळीतली पानं काढून गेला आणि चहालाही थांबला नाही. ईनिड धुमसत राहिली. लहानपणी ज्याचं नाक हिने पुसलं, तो आता हिची बाकी लिहीत होता.

ग्लेनिस तिला चर्चच्या हॉलमधल्या सल्ला केंद्रात घेऊन गेली. तिथे मिसेस मीर बसायच्या, निवृत्त गणितशिक्षिका, चष्मा साखळीला. त्यांनी भाड्याचं पुस्तक पानापानाने बघितलं आणि पहिल्यांदाच कोणाचा तरी चेहरा उजळला.

"तुमचे भाऊ बाकी लिहितात, हे फार चांगलं आहे."

"माझ्या जिवावर बेतलंय ते," ईनिड म्हणाली.

"बेतू दे. व्यवहार खरा आहे हे यावरूनच दिसतं. आपण अपील करू." मग जरा चाचरत त्यांनी विचारलं, "थकबाकीबद्दल त्यांनी कधी लेखी नोटीस दिली आहे का?"

दिली नव्हती. पण ईनिड घरी पोचून तीन दिवस होत नाहीत तोच विल्फची नोटीस आली, आणि मिसेस मीरनी तर विल्फला पाहिलंही नव्हतं. दोन महिन्यांत थकलेलं भाडं न भरल्यास घर रिकामं करावं, अशी टाइप केलेली, रजिस्टर पोस्टाने. वर 'मिसेस हॅल्सॉल यांस'. ईनिडने त्याला फोन केला.

"हे नाटकासाठी पाठवलंस ना?"

"कसलं नाटक?"

"अरे, अपिलाचं."

"कसलं अपील ते मला माहीत नाही," विल्फ म्हणाला. "भाडं चार महिने थकलंय."

तिने फोन ठेवला. त्यानंतर शुक्रवारी ती चाळीस पौंड पाकिटात घालून दारातूनच द्यायला लागली. मिसेस मीरनी नोटीस फाइलला लावली आणि विल्फला साक्षीला बोलावणं पाठवलं. त्याच सुमारास ग्लेनिसने बातमी आणली की विल्फने गावचा पितळी वाद्यांचा बँड सोडला. तीस वर्षं तो त्यात युफोनियम हे मोठं फुंकवाद्य वाजवायचा. नवी कवळी बसल्यापासून फुंकता येत नाही, असं तो सगळ्यांना सांगत होता. ईनिड म्हणाली, बरं झालं, तेवढीच गावाची सुटका.

सुनावणी शेजारच्या मोठ्या गावात होती. न्यायाधीश बाईंना सर्दी झालेली. टेबलावर कागदी रुमालांचा खोका. कौन्सिलच्या वकिलाने मांजर वाचून दाखवलं. ईनिड खाली मान घालून बसली. मग बाईंनी विल्फला विचारलं, बहिणीने भाडं दिलं नाही तर तो खरंच काय करील?

विल्फ लग्नाचा कोट घालून आला होता. तो उभा राहिला. "बाहेर काढीन," तो म्हणाला. "तिची ट्रंक मी उचलीन, माझ्याकडची मागची खोली तिला देईन. पण ते घर भाड्याने द्यावंच लागेल. नाहीतर बँक घेईल, मग तिचंही गेलं आणि माझंही."

"बँकेचे हप्ते आतापर्यंत कसे भरलेत?" बाईंनी विचारलं.

त्याने कोटाच्या खिशातून घड्या घातलेले कागद काढले आणि पुढे सरकवले. बाईंनी ते एकेक करून मोठ्याने वाचले. बँकेची तंबी. मग गाडी विकल्याची पावती. मग बाई थांबल्या, नाक पुसलं, आणि वाचलं : एक युफोनियम, चांदीचा मुलामा, पेटीसह, ग्रिमशॉ यांच्याकडून विकत घेतलं, अकराशे पौंड.

ईनिडने भावाकडे बघितलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता.

निकाल तिथल्या तिथे लागला. व्यवहार खरा, मालक भाड्यावर अवलंबून, मदत थांबवली त्या दिवसापासून द्यावी. मिसेस मीरनी ईनिडचा हात दाबला. कौन्सिलच्या वकिलाने फाइल बांधली आणि हवा छान पडली आहे असं काहीसं बोलून तो गेला.

परतीची बस अर्धी रिकामी होती. विल्फ खिडकीशी बसला आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला की दर वेळी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत राहिला. तिसऱ्या स्टॉपला ईनिडला राहवेना.

"गाडी गेली. वाद्य गेलं. आणि मला सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"सांगून काय केलं असतंस?"

"रडले असते."

"म्हणूनच," विल्फ म्हणाला.

"आणि ती नोटीस? खरंच काढलं असतंस मला?"

तो जरा विचारात पडला. "हो," तो म्हणाला. "नवीन वर्षानंतर."

ईनिडचा राग त्या क्षणी कुठे ठेवावा हे तिचं तिलाच कळेना. सात महिने ती ज्या माणसावर धुमसली होती, तो तिच्याहून कितीतरी मोठ्या खड्ड्यात पडला होता, आणि तरी तिला सरळ तोंडावर बाहेर काढीन म्हणत होता. तिने पर्समधून पेपरमिंट काढलं, एक स्वतः घेतलं, आणि बऱ्याच वेळाने दुसरं त्याच्यापुढे धरलं.

थकलेली रक्कम आली ती सहा आठवड्यांनी, तीही आधी चुकून पिलिंगच्या नावावर. ती परत मिळवायला आणखी दोन पत्रं आणि एक सकाळ गेली. विल्फचे हप्ते सुरळीत झाले. गाडी त्याने पुन्हा घेतली नाही. युफोनियम कुणा कॉलेजच्या मुलीकडे गेलं होतं, ते परत मिळण्यातलं नव्हतं. बँडवाल्यांनी त्याला हॉलची किल्ली आणि खुर्च्या मांडायचं काम दिलं, ते तो दर मंगळवारी करतो. शुक्रवारी तो भाडं घ्यायला येतो, पुस्तकात पूर्ण ऐंशी लिहितो आणि आता चहाला थांबतो. ईनिड त्याला केक वाढते. पण बोलताना तोंड सांभाळून असते. कोण कधी काय लिहून घेईल, याचा आता तिला भरवसा उरलेला नाही.